घोडा भित्रा असतो, म्हणून आधार देतो

नीरा ओलांडून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम आटोपून ती तरडगावकडे निघाली की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या दोन्ही बाजूंना सरकतात, मधली वाट मोकळी होते. पताका घेतलेला एक स्वार घोडा फेकत जातो आणि त्याच्यामागून दुसरा घोडा सुटतो. या दुसऱ्याच्या पाठीवर माणूस नसतो. वारकऱ्यांच्या लेखी तिथे स्वतः माउली बसलेले असतात. घोडा पुढे गेला की लोक खाली वाकतात, टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. चालून चालून पाय सुजलेली माणसं असतात ती. घरी कर्ज असतं, आजारपण असतं, गेलेलं माणूस असतं. त्या मातीनं त्यांना पुढचा रस्ता चालायचं बळ मिळतं, हे त्यांच्याकडे बघूनच कळतं.

या सोहळ्याची घडी बसवली ती आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्यांना साथ दिली आणि पालखीसाठी घोडे दिले. आजही हे अश्व अंकलीहून निघतात आणि सांगली, सातारा जिल्हे पायी ओलांडून आळंदीला पोहोचतात.

घोड्याजवळ गेल्यावर माणसाला बरं का वाटतं, याचं श्रद्धेचं उत्तर वारकऱ्यापाशी आहे आणि ते त्याला पुरतं. मला इथे त्याच्या शेजारी दुसरं एक उत्तर मांडायचं आहे, शरीराचं. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी घोड्यांची नाडी मोजली, नजर तपासली, त्यांच्यासमोर माणसांचे फोटो धरले. त्यातून जे दिसतं ते वाचून माझं असं मत झालं आहे की घोड्याचा आधार त्याच्या शौर्यातून येत नाही. तो त्याच्या भित्रेपणातून येतो.

घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रणांगण उभं राहतं. तळबीडचे हंबीरराव मोहिते, शिलेदार, बारगीर, पागा, चौखूर उधळलेलं घोडदळ. पण मुळात घोडा हा गवत खाणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. कळपात राहायचं, सगळीकडे कान लावायचा आणि शंका आली की आधी पळायचं, विचार मागाहून, ही त्याची जगण्याची रीत. आजच्या पाळीव घोड्यांचं मूळ डीएनएच्या अभ्यासात व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशात सापडलं आहे, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचं. इतका काळ माणसासोबत काढूनही वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी फडफडली की तो बिचकतोच.

त्याचं सगळं शरीर या सावधपणासाठी घडलेलं आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही तो फक्त नाकासमोरचा जवळचा भाग आणि थेट शेपटीमागचा. दोन कान दोन वेगळ्या दिशांना वळवता येतात. कातडी इतकी हळवी की माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरतो. झोपही तो बरीचशी उभ्यानंच घेतो, कारण त्याच्या पायांतल्या स्नायुबंधांची रचना सांधे जागच्या जागी अडकवून ठेवू शकते. गाढ, स्वप्नं पडणारी झोप मात्र आडवं झाल्याशिवाय लागत नाही. आणि घोडा आडवा होतो तो आजूबाजूला सुरक्षित वाटलं तरच. कळपात बाकीचे पहुडलेले असताना एखादा उभा राहून राखण करतो.

अशा प्राण्याला कळपातल्या दुसऱ्याचं शरीर वाचता आलंच पाहिजे. शेजाऱ्याची मान ताठली, श्वास अडला, की आपणही सावध व्हायचं. माणसाजवळ राहायला लागल्यावर हेच कौशल्य तो माणसावरही वापरतो.

स्वीडनमधला २००९ सालचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. काही माणसांना घोडा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला सांगितलं. फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना एकजण फटकन छत्री उघडणार आहे. घोडा बुजणार या धास्तीनं माणसांच्या छातीचे ठोके वाढले. छत्री कोणी उघडलीच नाही. पण ठोके घोड्यांचेही वाढले होते. घोड्याला छत्रीबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्याला कळली ती लगाम धरलेल्या माणसाची भीती, बहुधा हाताच्या ताणातून, चालीतून, श्वासातून.

इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना एकाच माणसाचे रागावलेले आणि हसरे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा घोडे डाव्या डोळ्यानं न्याहाळत होते आणि त्यांचे ठोके जास्त लवकर वाढत होते. डाव्या डोळ्यानं दिसलेलं प्रामुख्यानं मेंदूच्या उजव्या बाजूला जातं आणि धोक्याची पारख तिथे होते. २०१८ मध्ये त्यांनी आणखी पुढची पायरी गाठली. आधी फोटो दाखवायचा आणि काही तासांनी तोच माणूस साध्या, निर्विकार चेहऱ्यानं समोर आणायचा. घोड्यानं आपला कोणता फोटो पाहिला आहे, हे त्या माणसालाही सांगितलेलं नसे. तरी ज्याचा रागाचा फोटो पाहिला होता त्याच्याकडे घोडे सावधपणे, डाव्या डोळ्यानं पाहत राहिले.

याचा अर्थ घोड्याला मन वाचता येतं असा नाही, आणि हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयात भोळ्या माणसांना फसवणारेही पुष्कळ आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर तो टापा आपटून देई. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं १९०७ मध्ये त्यातलं गूढ उलगडलं. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं उत्तर चुकायचं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलत असे, अंगाचा ताण सैल होत असे आणि हान्स तिथे थांबत असे. लोक निराश झाले. मला मात्र गणितापेक्षा हे मोठं वाटतं. ज्या हालचालीचा पत्ता खुद्द माणसाला नव्हता, ती त्या घोड्याला दिसत होती.

आता माणसाच्या बाजूनं पाहू. जो माणूस दुःखात आहे, घाबरलेला आहे, ज्याच्यावर काही भयंकर प्रसंग गुदरला आहे, त्याला लोकांच्या प्रश्नांचा त्रास होतो. कसं झालं, कधी झालं, आता कसं वाटतंय. तोंडानं तो म्हणतो, "बरं आहे." घोड्यापुढे हे चालत नाही. आत धडधड असेल तर घोडा मान वर करतो, कान वळवतो, एक पाऊल मागे जातो. त्यात राग नसतो, ठपका नसतो. माणसानं श्वास सोडला, खांदे सैल केले, की घोडा मान खाली घेतो, ओठ सैल सोडतो, फुरफुरतो. आपल्या आतल्या बदलाला मिळालेली ही पोच ताबडतोब असते आणि ती खोटी नसते. घोड्याला जवळ ठेवायचं तर माणसाला शांत व्हावंच लागतं, आणि घोड्यासाठी शांत होता होता तो स्वतःसाठीही शांत होतो. घोड्यांच्या सोबतीनं मनावर उपचार करणारे लोक जे करतात त्याचा गाभा एवढाच आहे. बऱ्याचदा त्यात घोड्यावर बसायचंही नसतं. त्याला चारा घालायचा, पाणी पाजायचं, मोकळ्या पटांगणात त्याच्यासोबत चालायचं.

आणि खरारा करायचा, म्हणजे त्याचं अंग घासूनपुसून साफ करायचं. आयाळ जिथे संपते तिथे, दोन खांद्यांच्या मध्ये, एक उंचवटा असतो. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुधा याच भागात. फ्रान्समध्ये झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की माणसानं तिथे हातानं खाजवलं की घोड्याचे ठोके मंदावतात. अंगावर दुसरीकडे खाजवून तसं होत नव्हतं. विसावलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळाच धडकतं, आपल्या जवळपास निम्मं, आणि भरधाव पळताना तेच २०० च्या वर जातं. एवढं मोठं धूड आपल्या हाताखाली सैल पडतंय, हे अनुभवणाऱ्या माणसाच्या अंगावरही परिणाम होतो. पिढ्यान्‌पिढ्या पागेतले मोतद्दार पहाटे उठून खरारा करत आले. घोड्याला त्या हातांची ओळख पटायची ती तिथेच.

आपल्या भागात हे नातं आजही जगतात ते मेंढपाळ धनगर. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप आणि माणसं, चाऱ्यासाठी बाहेर पडतात तेव्हा सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं: भांडी, घोंगडी, मेंढरं कोंडायची वाघर, चालता न येणारी कोकरं, कधी वर बसवलेलं लहान मूल. ही घोडी उंचीनं बेताची, काटक आणि थोड्यावर भागवणारी. त्यांतल्या भीमथडी घोड्याची अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली. धनगर बाई घोड्याच्या मानेवर हात ठेवून त्याच्याशी दोन शब्द बोलते आणि ओझं चढवते. त्याला उपचार वगैरे कोणी म्हणत नाही. पण उघड्या माळावर, रात्री लांडग्याच्या भीतीत, ज्याचे कान आपल्या कुत्र्याइतकेच जागे असतात असं जनावर शेजारी असणं म्हणजे काय, हे त्या माणसांना विचारावं.

शरीरावरच्या उपचाराचं तंत्र वेगळं आहे. घोडा पावलांनी चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी गोल अशी तिन्ही अंगांनी हलते. माणूस स्वतःच्या पायांनी चालताना कंबरेची हालचाल जवळपास अशीच होते. ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडानं हालचालींवर ताबा नसल्यामुळे, कधी नीट चालता आलं नाही, त्याच्या मेंदूला चालण्याचा हा अनुभव घोडा पुरवतो, मिनिटाला साधारण शंभर वेळा, न थकता, एकसारखा. तोल सावरण्यासाठी पाठीचे आणि पोटाचे स्नायू आपोआप काम करू लागतात. मांड्या आवळलेल्या असतील तर घोड्याच्या रुंद आणि उबदार पाठीमुळे त्या हळूहळू सैल होतात.

या उपचाराकडे जगाचं लक्ष वळवलं ते डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर बसायला आणि उतरायला दुसऱ्याची मदत लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक जिंकलं. ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, या त्यांच्या प्रकारात सैन्याबाहेरच्या लोकांना आणि स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला होता, तेही याच वर्षी. पदक घ्यायला चढताना त्यांना हात दिला तो सुवर्णपदक विजेत्या स्पर्धकानं. त्यानंतरच्या वर्षांत युरोपात आणि अमेरिकेत अशी केंद्रं उभी राहत गेली.

पुरावा किती पक्का आहे, हेही सांगायला हवं. तोल, बसण्याची ढब, मोठ्या हालचाली यांत फायदा झाल्याचे अभ्यास बऱ्यापैकी आहेत. मनाच्या आजारांबाबतचे अभ्यास लहान आहेत, आणि पुष्कळांमध्ये तुलनेसाठी दुसरा गटच नाही. म्हणून औषधं बंद करून घोड्याकडे जा असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. खुबा निखळलेला असेल, हाडं ठिसूळ असतील, फिट्स आटोक्यात नसतील, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतील, तर घोड्यावर बसणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय मुलाला बसवू नये. धनुर्वाताचे जंतू लीद पडलेल्या मातीत असतात, तेव्हा तेही इंजेक्शन झालेलं असावं.

माणसाला बरं करण्यात घोड्याचा सर्वांत मोठा वाटा मात्र यापैकी कशातच नाही. तो रक्तात आहे, आणि सांगली-साताऱ्याच्या माणसानं तो माहीत करून घ्यायलाच हवा.

उसाच्या फडात, भाताच्या खाचरात, अंधारात मोटार चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं. सरकारी दवाखान्यात त्याला सर्पदंशाची लस टोचतात. ही लस घोड्याच्या रक्तातून येते. या चारही सापांच्या विषाचा अगदी थोडा अंश घोड्याला टोचतात आणि आठवड्यांमागून आठवडे मात्रा हळूहळू वाढवत नेतात. एवढ्यानं घोडं दगावत नाही, पण त्याचं शरीर त्या विषाशी लढणारी प्रथिनं तयार करतं. मग त्याचं रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात आणि लाल पेशी त्याला परत देतात. पातळ भाग शुद्ध करून, वाळवून कुपीत भरतात. माणसाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात. ती दुसऱ्या प्राण्याची प्रथिनं असल्यामुळे कधी कधी अंगावर उठतं, रक्तदाब घसरतो. म्हणून ही लस दवाखान्यातच घ्यायची असते. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी जोडलेलं आहे.

ही वाट १८९०च्या सुमारास उघडली. जर्मनीत बेरिंग आणि जपानहून तिथे आलेले कितासातो यांनी दाखवलं की विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातलं संरक्षण दुसऱ्याला देता येतं. पॅरिसमध्ये एमिल रू यांनी घोड्यांपासून मिळवलेलं घटसर्पाचं प्रतिविष १८९४ मध्ये मुलांना दिलं आणि गळा दाटून मरणारी लेकरं वाचू लागली. घोडाच का, तर तो मोठा, त्याचं रक्त भरपूर, आणि माणसाच्या हाताखाली शांत उभा राहणारा. या शेवटच्या गुणाचं मोल तो अजून चुकवतो आहे. वारंवार रक्त काढल्यानं त्याला रक्तक्षय होऊ शकतो, टोचलेल्या जागी गळू होतं. त्याची नीट निगा राखली जाते की नाही यावर कडक देखरेख असायलाच हवी. नागपंचमीला नागाचं कौतुक करणारा बत्तीस शिराळ्याचा परिसर आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. मला मनापासून वाटतं की त्या दिवशी घासभर हिरवा चारा घोड्यालाही घालावा.

देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांची माता संज्ञा हिनं घोडीचं रूप घेतलं असताना त्यांचा जन्म झाला, अशी आपली कथा आहे. विश्पलेचा तुटलेला पाय त्यांनी लोखंडाचा करून दिला असं ऋग्वेदात आहे, आणि च्यवनाला त्यांनी तारुण्य दिलं. त्यांचाच मुलगा नकुल विराटाच्या घरी घोडे सांभाळायला राहिला. जुन्या लोकांना रक्तातल्या प्रथिनांचं ज्ञान होतं असा दावा मी करणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. त्यांनी वैद्य आणि घोडा यांना एका घरात बसवलं, एवढं खरं. पालीचा खंडोबा घोड्यावर, घरोघरच्या देव्हाऱ्यातल्या त्याच्या टाकावरही तो घोड्यावरच. आणि कडेगावच्या ताबुतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुलखात मोहरमला जी करबलाची कथा सांगतात, तिच्यात इमाम हुसेन यांचा घोडा जुलजनाह स्वाराविना तंबूकडे परत येतो. रिंगणातला अश्व आणि जुलजनाह, दोघांचीही पाठ रिकामी. त्या रिकाम्या पाठीकडे पाहून रडणारी माणसं वेगवेगळ्या देवळा-दर्ग्यांची आहेत, पण त्यांचं भरून येणं मला सारखंच दिसतं.

ज्यांना घोड्याच्या जवळ जायचं आहे, त्यांना पाचगणीचं टेबललँड आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव हाताशी आहेत. जाताना मागून जाऊ नका आणि थेट तोंडासमोरूनही नको. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा, म्हणजे तुम्ही त्याला दिसता आणि ऐकू येता. हात पालथा पुढे करा, वास घेऊ द्या. कान मागे चिकटले तर थांबा. तोंडावर थोपटू नका, मानेच्या बुडाशी खाजवा. बसायचं असेल तर वजनाचा हिशेब करा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नको असं जाणकार सांगतात. २५० किलोच्या तट्टावर हे ५० किलो होतात, म्हणजे तिथल्या बऱ्याच घोड्यांवर मोठ्या माणसानं बसूच नये. घोडेवाल्याला खोगीर जरा उचलायला सांगा. खाली जखम असेल, किंवा गडद केसांत पांढरे ठिपके उठले असतील, तर तिथे खोगीर चावलेलं आहे. घोडेवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, त्याचंही घर या घोड्यावर चालतं. फेरीचे पैसे त्याला पूर्ण द्या आणि फेरीऐवजी तेवढा वेळ घोड्याला खरारा करू द्या म्हणून विचारा.